पुढे काय झालं?

दिवाळीच्या आधी माळा आवरणे हा आमच्याकडे दरवर्षीचा सक्तीचा सोहळा असतो. गेल्या खेपेला या मोहिमेत एक काळवंडलेली समई, पाय मोडलेले स्टूल आणि रद्दीचे चार गठ्ठे यांच्या मागून एक वही निघाली. दोनशे पानी, खाकी कव्हराची. त्यावर आमच्या चिरंजीवांच्या नववीतल्या अक्षरात लिहिलेले होते, 'भूमिती'. मी सहज उघडली. आत एकही त्रिकोण नव्हता. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन उभे रकाने होते. पहिल्या रकान्यात चित्रासारखी अक्षरे, दुसऱ्यात देवनागरीत उच्चार आणि तिसऱ्यात अर्थ. अर्थ कसले, अंदाजच ते! 'औषध असावं.' 'धर्मशाळा.' 'हा म्हातारा खोटं बोलतोय बहुतेक.' 'याला परत एकदा विचारायचं.' पहिल्या पानावरचे पहिले दोन शब्द तेवढे ठामपणे लिहिलेले होते. हाइ म्हणजे हो. इइए म्हणजे नाही.

माळ्यावरच्या त्या शिडीवर बसून मी पाऊण तास ती वही वाचत होतो. खालून सौ. विचारत होत्या, "पडलात की काय?" पडलो नव्हतो, पण जरा हललो होतो हे खरे.

ही वही कशाची, ते सांगायला हवे. १९९८ साली चिरंजीवांचे मामा कंपनीच्या कामासाठी सहा महिने ओसाकाला होते. परत येताना त्यांनी भाच्यासाठी एक जपानी प्लेस्टेशन आणि जुन्या मालाच्या दुकानातून घेतलेल्या दोन-तीन तबकड्या आणल्या. जपानातली वीज शंभर व्होल्टची, त्यामुळे बुधवार पेठेतून वेगळा ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. यंत्र सुरू झाले तर आमच्या टीव्हीवर चित्र काळे-पांढरे! तिकडची प्रक्षेपणाची पद्धत वेगळी आणि आपली वेगळी. रंग दिसायला लागेपर्यंत आणखी दोन फेऱ्या झाल्या. या तबकड्यांतल्या एकीचे लांबलचक नाव होते 'शिन्सेत्सु सामुराई स्पिरिट्स: बुशिदो रेत्सुदेन'. जपानाबाहेर ती कुठेच विकली गेली नव्हती. अमेरिकेत किंवा युरोपात विकलेल्या यंत्राने ती तबकडी घेतलीही नसती, कारण कंपन्यांनी प्रत्येक प्रदेशाला वेगळे कुलूप घातलेले होते. ज्याला ती हवी असेल त्याने जपानातून मागवावी आणि जपानीतच खेळावी.

'सामुराई स्पिरिट्स' हे नाव त्या काळच्या पोरांना अपरिचित नव्हते. ओसाकाच्या एसएनके कंपनीने १९९३ साली हा तलवारबाजीचा खेळ काढला. परदेशात त्याचे नाव 'सामुराई शोडाउन' झाले. नाक्यानाक्यावर व्हिडिओ पार्लरे होती, टोकन टाकून उभ्याने खेळायचे दिवस होते, आणि एसएनकेची यंत्रे आपल्याकडेही पोचली होती. दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात, एक जिंकतो, एक पडतो. त्याला भाषा लागत नाही. तालमीतल्या कुस्तीला कुठे लागते? कोल्हापूरच्या खासबागेत जपानी माणूस बसवला तरी कोण चीत झाला ते त्याला कळेलच.

पण १९९७ च्या जून महिन्यात कंपनीने याच योद्ध्यांना घेऊन एक वेगळा प्रकार केला. निओ जिओ सीडी, सॅटर्न आणि प्लेस्टेशन अशा तीन यंत्रांसाठी हा नवा खेळ आला. यात मारामारी होती, पण ती पाळीपाळीने. कोणता डाव टाकायचा, कोणाला औषध द्यायचे, हे यादीतून निवडायचे. आणि मारामारीच्या मधे होती गावे, रस्ते, धर्मशाळा, दुकाने आणि बोलणारी माणसे. सहा जणांतला एक नायक निवडायचा. दारूचा बुधला घेऊन हिंडणारा हाओमारू, त्याचाच गुरुबंधू आणि वैरी गेन्जुरो, क्षयाने खोकत तलवार उपसणारा उक्यो, कुत्रा बरोबर घेऊन फिरणारा अमेरिकन निन्जा गॅलफोर्ड, दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली चाम चाम आणि ससाणा पाळणारी उत्तरेकडची मुलगी नाकोरुरु. गोष्टीची पर्वे दोन. थोडक्यात म्हणजे, जे आजवर नुसते पैलवान होते त्यांचे आता आख्यान लागले. आणि कुस्तीला शब्द लागले नाहीत तरी आख्यानाला लागतात. आमची गाडी अडली ती तिथे.

कंपन्या असे खेळ बाहेर का नेत नसत, याचे उत्तर व्यापाराचे आहे. लढाईच्या खेळात भाषांतर करायचे ते पाच-पन्नास वाक्यांचे. गोष्टीच्या खेळात हजारो वाक्ये. ती भाषांतरित करायची, चौकटीत बसवायची, पुन्हा तपासायची, आणि तिकडे गिऱ्हाईक किती मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून जपानात १९९२ साली गाजलेला 'ड्रॅगन क्वेस्ट ५' इंग्रजीत यायला २००९ साल उजाडले. १९९७ मध्ये 'फायनल फँटसी ७' अमेरिकेत तुफान चालला आणि वारे फिरले, पण ते सगळ्यांसाठी नाही. २००६ चा 'मदर ३' अधिकृतपणे इंग्रजीत आलाच नाही. शेवटी २००८ साली हौशी चाहत्यांनी पदरमोड करून त्याचे भाषांतर केले. आमचा 'बुशिदो रेत्सुदेन' तर मूळ कंपनीचीच घडी विस्कटल्यामुळे आणखी मागे पडला. २००१ मध्ये एसएनकेचे दिवाळे वाजले, नाव बदलले, मग पुन्हा जुने नाव आले, आणि आता तिची बहुतांश मालकी सौदी अरेबियातल्या एका प्रतिष्ठानाकडे गेली आहे. २०२० साली या मालिकेतले जुने लढाईचे खेळ एकत्र बांधून जगभर विकले गेले. त्या गाठोड्यातही हे आख्यान नव्हते. पैलवान सगळ्या जगाचे झाले, त्यांची गोष्ट मात्र घरीच राहिली.

आता माझा कबुलीजबाब. त्या वर्षी 'व्हिडिओ गेम आणि बिघडती पिढी' या विषयावर सगळीकडे चर्चा चालत असे. मीही वाचकांच्या पत्रव्यवहारात एक खरमरीत पत्र लिहिले होते. ते छापून आले याचा मला केवढा अभिमान! आणि माझ्याच घरात मुलगा तलवारी चालवत बसलेला. १९९९ च्या जानेवारीत दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गुण आले, बीजगणितात ते अपेक्षेपेक्षा अकराने कमी होते. त्याच संध्याकाळी मी यंत्र, तबकड्या, ट्रान्सफॉर्मर असे सगळे बोचके उचलले आणि जुन्या वस्तूंच्या एका दुकानात देऊन आलो. मुलगा काही बोलला नाही. आमच्या पिढीचा असा समज होता, की मुलगा काही बोलला नाही म्हणजे त्याला पटले.

मी अगदीच चुकलो होतो असे आजही म्हणणार नाही. खेळात रक्त होते, जागरणे होत होती, डोळे लाल होत होते. दहावी ही आपल्याकडे घरातल्या सगळ्यांचीच परीक्षा असते, आणि मुलाने पुढे चांगले ८१ टक्के काढले. पण ती वही माझ्या हिशेबात नव्हती. मला वाटले होते, हा पडद्याकडे नुसता बघत बसतो. हा बसून भाषा शिकतो आहे हे मला माहीतच नव्हते. मामांनी आणलेल्या एका छोट्या पुस्तिकेत कानाची, म्हणजे जपानी उच्चारलिपीची, शेहेचाळीस-शेहेचाळीस अक्षरांची दोन कोष्टके होती. तेवढ्या शिदोरीवर या मुलाने, कोणी न सांगता, गुरू नसताना, कोश नसताना, दोनशेपैकी एकशे तीस पाने भरली होती. चुका असंख्य. पण एका पानावर एका शब्दाचा अर्थ चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलेला होता. भूमितीचे प्रमेय त्याने कधी पाचव्यांदा सोडवल्याचे मला स्मरत नाही.

त्या रात्री मी नाशिकला फोन लावला. चिरंजीव आता तिथे एका विमा कंपनीत आहेत. कपाळावरचे केस मागे हटले आहेत, स्वतःची मुलगी आठवीत आहे.

"तुझी एक वही सापडली. भूमितीची."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बाबा, ती अजून आहे?"

"तुला जपानी शिकायची होती का रे? मग सांगितलं का नाहीस? इथे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्ग चालायचे. घातलं असतं की."

तो हसला. म्हणाला, "शिकायची वगैरे नव्हती हो. पुढे काय झालं ते कळायला हवं होतं."

वाचकहो, या एका वाक्याने माझी झोप उडवली. पुढे काय झाले हे कळू न देता मी ते बोचके उचलले होते. आजीने गोष्ट सांगता सांगता मधेच दिवा मालवावा, तसे. राक्षसाचे काय झाले हे त्याला सव्वीस वर्षे माहीत नव्हते. म्हटले, खेळ तर आता माझ्याकडे नाही, निदान त्या राक्षसाचा तरी शोध घेऊ. वहीत त्याचे नाव होतेच, आमाकुसा शिरो तोकिसादा. पुढे अर्थ लिहिला होता, 'मेलेला माणूस परत आलाय. खूप चिडलेला. का?'

हा 'का' मोलाचा आहे. कारण आमाकुसा शिरो हा खरा मुलगा होता.

जपानच्या नैर्ऋत्येला, क्यूशू बेटावर, शिमाबारा आणि आमाकुसा हे मुलूख. तिथल्या शेतकऱ्यांत ख्रिस्ती पुष्कळ. शिमाबाराच्या मात्सुकुरा घराण्याने नवा किल्ला बांधायचा म्हणून रयतेवर जबर कर बसवले, न देणाऱ्याचे हाल केले. वरून धर्मही सोडायला लावला. १६३७ च्या अखेरीस लोक उठले. त्यांनी आपला पुढारी म्हणून निवडला तो जेमतेम सोळा वर्षांचा हा पोरगा. ओस पडलेल्या हारा किल्ल्यात बायकापोरांसह हजारो माणसे शिरली. शोगुनाने त्यांच्यावर सव्वा लाखाच्या आसपास फौज घातली, डच व्यापाऱ्यांच्या जहाजाकडून समुद्रातून तोफा डागून घेतल्या. किल्ला काही महिने टिकला तो भुकेने खचेपर्यंत. १६३८ च्या एप्रिलमध्ये तो पडला, आणि आतली बहुतेक सगळी माणसे मारली गेली. आकडा साधारण सदतीस हजारांचा सांगतात. शिरोचे डोके कापून नागासाकीला लोकांना दाखवण्यासाठी टांगले. पुढे मात्सुकुरा धन्यालाही या कारभारापायी देहान्त झाला, पण तोवर गावेच्या गावे रिकामी झाली होती.

'सामुराई स्पिरिट्स'ची गोष्ट घडते १७८८ मध्ये, बरोबर दीडशे वर्षांनी. आपल्याकडे तेव्हा सवाई माधवरावांची पेशवाई होती. त्या गोष्टीत हा मुलगा सैतानाशी करार करून, भरजरी पोशाखात, हवेत तरंगत परत येतो. शिरोला असा पिशाच्चरूप बदला घ्यायला लावणारी ही कल्पना खेळवाल्यांची स्वतःची नव्हे. यामादा फुतारो या कादंबरीकाराने ती १९६० च्या दशकात रंगवली आणि १९८१ साली तिच्यावरचा सिनेमा गाजला. तरी माझ्या मनातून प्रश्न जाईना. ज्याच्या लोकांवर एवढा अन्याय झाला, त्यालाच राक्षस करायचे? आपल्याकडे कुणी असे केले तर? मग वाटले, याची दुसरी बाजूही असेल. ज्या मृतांचे देणे राहून गेले आहे, त्यांची लोकांना भीती वाटते. भूत होऊन तेच येतात, ज्यांच्यावर अन्याय झाला. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा. जेत्यांनी लिहिलेल्या बखरीतून पुसलेले नाव लोकांच्या भुताखेतांत जिवंत राहते, आणि एक दिवस पुण्यातल्या नववीतल्या मुलाला त्या नावापुढे 'का?' असे लिहावेसे वाटते. आता २०१८ पासून हारा किल्ल्याचे अवशेष जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण माझ्या घरात ते नाव कुठल्या यादीतून आले नाही.

या गोष्टीचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही लागतो. जपानात ख्रिस्ती धर्म पहिल्यांदा नेणारा फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरला. त्याचा देह आज जुन्या गोव्यात आहे आणि आपण सहलीला गेलो की रांगेत उभे राहून बघून येतो. १५८२ मध्ये नागासाकीहून चार जपानी मुले युरोपला पोपच्या भेटीस गेली. परतताना ती गोव्यात थांबली, आणि त्यातल्या हारा मार्तिनो या मुलाने तिथे केलेले लॅटिन भाषण १५८८ साली गोव्यातच छापले गेले. म्हणजे शिमाबाराच्या पन्नास वर्षे आधी एक जपानी मुलगा आपल्या किनाऱ्यावर उभा राहून परक्या भाषेत बोलला होता. शिमाबारानंतर, १६३९ मध्ये, पोर्तुगीज जहाजांना जपानची दारे बंद झाली. गोव्याहून निघालेल्या वाटेचा तो शेवट.

वहीत आणखी एक गंमत होती. नाकोरुरुच्या पानावर, तिच्या डावांच्या नावांतून वेगळे काढलेले दोन शब्द होते, 'कामुइ' आणि 'रेरा'. पुढे लिहिले होते, 'जपानी. अर्थ माहीत नाही.' मी जपानी शिकवणाऱ्या एका बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "हे जपानी नाहीच. हे आइनू आहे." उत्तरेच्या होक्काइदो बेटावरच्या मूळ रहिवाशांची ही भाषा. कामुइ म्हणजे देव, रेरा म्हणजे वारा. १८९९ च्या एका कायद्याने या लोकांना 'संरक्षणा'च्या नावाखाली आपले जगणे आणि बोलणे सोडायला लावले. तो कायदा रद्द करून आइनू संस्कृतीला मान देणारा नवा कायदा झाला १९९७ मध्ये, म्हणजे हा खेळ निघाला त्याच वर्षी. २००९ मध्ये युनेस्कोने या भाषेची नोंद मरणपंथाला लागलेल्या भाषांत केली. जी भाषा तिच्या स्वतःच्या मुलांच्या ओठांवरून गेली, तिचे दोन शब्द माझ्या माळ्यावर, भूमितीच्या वहीत, सव्वीस वर्षे पडून होते.

आता मुद्द्याचे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. भाषा टिकवायची म्हणून आपण पाट्या बदलतो, परीक्षेत विषय सक्तीचा करतो, सप्ताह साजरे करतो. यातले काही वाईट आहे असे नाही. पण ती वही हातात घेऊन मी स्वतःला विचारतो, ओसाकातला, नैरोबीतला राहू द्या, आपल्याच शेजारच्या सोसायटीतला एखादा अमराठी मुलगा असा आहे का, की जो 'पुढे काय झालं' एवढ्यासाठी आपले 'ळ' आणि 'ज्ञ' वहीत गिरवत बसला आहे? ओसाकाच्या त्या मंडळींनी माझ्या मुलाला जपानी शिकवायचे मनातही आणले नव्हते. त्यांनी तर भाषांतरसुद्धा केले नाही. त्यांनी फक्त एक गोष्ट अशी सांगितली, की ती अर्ध्यावर सोडवेना. भाषा शिकण्याचे याहून मोठे कारण मला माहीत नाही. आपणही वाचायला शिकलो ते बाराखडीच्या प्रेमाने नव्हे, आजी दमली म्हणून. आज आपल्या मुलांसाठी मराठीत असे काय तयार होते आहे, जे अर्ध्यावर सोडवत नाही? आणि एखादे मूल असे काही करत असेल, तर त्याच्या हातातली 'भूमिती'ची वही आपण एकदा उघडून बघतो का?

दिवाळीत चिरंजीव सहकुटुंब आले. फराळाच्या ताटांमध्येच वही उघडली गेली. नातीने लगेच तिचा फोन वहीवर धरला. हल्ली फोन अक्षरे ओळखतो आणि अर्थ सांगतो. पण बापाने गिरवलेली अक्षरे इतकी वाकडीतिकडी, की फोनने एका ओळीचा अर्थ 'भोपळा' असा काढला आणि सगळे हसले. चिरंजीवांना मात्र 'हाइ' आणि 'इइए' अजून वाचता आले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होते, ते मी ८१ टक्क्यांच्या दिवशी पाहिले नव्हते.

"तबकडी शोधू या का कुठे?" मी भीतभीतच विचारले. "राहू द्या हो बाबा," तो म्हणाला. पण वही त्याने आपल्या बॅगेत ठेवली.

रात्री नातीला मी शिमाबाराची गोष्ट सांगितली. कर, किल्ला, सोळा वर्षांचा पुढारी, समुद्रातून येणारे तोफगोळे, शेवट. दिवा मालवला नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, मग बाबांच्या खेळात त्याला वाईट का केलंय?"

शेजारच्या खोलीतून तिचा बाप म्हणाला, "ते मलाही विचारायचं होतं."